पहिल्या धारेचा खासदार

एवारिस्त लाकाम वकिलाला जो आवाज मिळाला, तो त्याच्या बापाच्या ऐरणीची देणगी. बाप लोहार. कास्तेलब्रू गावाच्या खालच्या आळीत घोड्याबैलांना नाल ठोकायचं दुकान आणि दुकानामागच्या एकाच खोलीत सगळा संसार. दिवस उगवला की घणाचे घाव सुरू, ते दिवेलागणीपर्यंत. अशा घरात नुसतं 'मीठ दे' म्हणायचं तरी रणशिंग फुंकल्यासारखं ओरडावं लागायचं. लेकरू जन्मलं तेव्हा सुईणीला त्याचं रडणं ऐकू आलं नाही म्हणून तिनं त्याला दोनदा थोपटलं. तिसऱ्या थापेला पोरानं असा सूर लावला, की बाहेर नाल ठोकून घेणारं खेचर दावं तोडून थेट पुलापलीकडं गेलं.

"ह्यो एक तर पाद्री होईल, न्हाईतर वकील," बाप म्हणाला. "लोहाराला एवढा आवाज वाया जाईल."

पाद्री व्हायला उपास लागतात. म्हणून पोरगा वकील झाला.

तूलूज शहरात कायदा शिकत पाच वर्षं काढून, काळा झगा शिवून तो गावी परत आला आणि बाजारचौकात त्यानं पाटी लावली. बरोब्बर समोर थिओदूल ब्रेसाक वकिलाची पाटी. ब्रेसाक तीन पिढ्यांचा वकील. बोटं लांब, नाक लांब, आणि वाक्यं तर त्याहून लांब. दोन पाट्यांच्या मधे कॉफीची टपरी. निकाल लागला की जिंकलेल्याचा अशील तिथं हसत बसायचा आणि हरलेल्याचा समोरच्या बाकावर बसून त्याच्याकडं बघायचा.

लाकामचा पहिला खटला कादे नावाच्या चोरट्या शिकाऱ्याचा. सरदाराच्या रानात ससा मारला म्हणून त्याला धरलेलं. कादेनं बारा साक्षीदार आणले. 'त्या रात्री कादे आमच्यात पत्ते खेळत होता' हे वाक्य बाराही जणांनी एकाच चालीत म्हटलं, देवळातल्या भजनासारखं. न्यायाधीश जांभया द्यायला लागले. कादेचा निकाल आता लागल्यातच जमा होता. तेवढ्यात लाकाम उठला आणि रानाच्या राखणदाराला म्हणाला, "ससा कुठं आहे?"

"कुठला ससा?"

"मुद्देमाल! ज्याच्यापायी हा माणूस तीन आठवडे आत आहे, तो ससा!"

त्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरल्या. राखणदार भोळा. त्याला वाटलं, देवच विचारतोय. तो म्हणाला, "बायकोनं रश्शात घातला, साहेब. वाईनमधी. फुकट कशाला घालवायचा?"

कादे सुटला. राखणदाराला ताकीद मिळाली. आणि लाकाम वकिलाला पुढची वीस वर्षं काम कमी पडलं नाही. बांधाचे तंटे, विहिरीचे तंटे, शेजाऱ्याच्या अक्रोडाची फांदी आपल्या कौलावर आली याचे तंटे. फी कोंबडीत, अक्रोडात, कधी नुसत्या आशीर्वादात. पण तो हरायचा कमी. आणि हरला तरी अशिलाला वाटायचं, जिंकलो. कारण आपल्यासाठी एवढं कुणी ओरडलंच नव्हतं कधी.

बायको ऑनोरीन पोस्टमास्तरची मुलगी. कुणाचं पत्र कुणाला, कुणाचा भाऊ कुठल्या पलटणीत, कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं, सगळं तिला पाठ. नवऱ्याला कायदा ठाऊक होता, तिला माणसं.

जुने खासदार पशुमेळ्याच्या जेवणावळीत, मासे संपून चीज यायच्या आत, खुर्चीतच गेले. तेव्हा पक्षाची माणसं नवा उमेदवार शोधत कास्तेलब्रूला आली. त्यांनी बाजारच्या मोठ्या छपरात लाकामला उभं केलं आणि स्वतः पार शेवटच्या खांबाशी, गुरांच्या मागं जाऊन थांबले. तिथं लाकामचं अक्षर न् अक्षर पोचलं. उमेदवारी पक्की.

मतदारांना त्यानं वचन दिलं एकच. "तुमच्या भट्टीला मी हात लावू देणार नाही!"

आमच्याकडं घरटी आलुबुखाऱ्याची झाडं. खायचे ते खातात, सुकवायचे ते सुकवतात, आणि उरलेले पिंपात कुजत घालतात. नोव्हेंबरात झेली आई तिची चाकाची तांब्याची भट्टी घेऊन नदीकाठच्या धोबीघाटाशी येते, आणि गाव आपापलं पिंप तिच्यापुढं आणतं. त्यातनं जे निघतं त्याला आम्ही 'थेंब' म्हणतो. पोट दुखलं, थेंब. पोर झालं, थेंब. म्हातारा गेला, थेंब. आधी त्याला, मग रडणाऱ्यांना. घरच्या थेंबावर कर नाही, हा बापजाद्यांपासूनचा हक्क. आणि दर दोन-चार वर्षांनी पॅरिसात कुणाला तरी तो हक्क खुपायचा.

लाकाम पॅरिसला गेला, आणि पहिल्याच भाषणात घोडं अडलं. उठला, छाती भरून घेतली आणि सभापतींना म्हणाला, "न्यायाधीश महाराज, माझा अशील निर्दोष आहे!"

संसद पाच मिनिटं हसत होती. डाव्या बाकावरनं कुणी तरी ओरडलं, "तीन वर्षं सक्तमजुरी!" उजव्या बाकावरनं कुणी तरी जामीन मागितला. लाकाम खाली बसला तो चार वर्षं उठला नाही. पण बसल्या जागेवरनं तो 'शाब्बास!' म्हणायचा, आणि हे 'शाब्बास' इतकं दणदणीत, की टिपणं घेणारा कारकून ते हटकून लिहून घ्यायचा. सरकारी राजपत्र गावी आलं की शाळामास्तर कॉफीच्या टपरीत मोठ्यानं वाचायचे, "श्री. लाकाम : शाब्बास!" आणि टपरी मान डोलवायची. 'आपला माणूस बोलला.'

खासदाराचं खरं काम मात्र निराळंच होतं. ऑनोरीन गावाकडनं पत्रं पाठवायची, गठ्ठ्यानं. अमक्या विधवेला तंबाखूच्या दुकानाचा परवाना. तमक्याच्या पोराची बदली, जरा ऊबदार ठिकाणी. पाटलीणबाईंना झग्याच्या आतनं पोट आवळायचा पॅरिसचा कंबरपट्टा, मापं सोबत, कुणाला दाखवायची नाहीत. लाकाम मंत्र्यांच्या दारात बसून राहायचा, दुकानांतनं मापं हातात धरून फिरायचा आणि कान लाल करून परत यायचा. यातनं संसदेत जायला उरलेला वेळ तो बाकावरच्या शेजाऱ्याशी गप्पा मारण्यात घालवायचा.

हा शेजारी डॉक्टर वानूत. उत्तरेकडचा, गोरापान, गोल, लोण्यासारखा माणूस. मिरगुंडासारख्या कुरकुरीत विनोदांचा साठा त्याच्याकडं कधी संपायचा नाही. संसदेतली रीत अशी, की प्रत्येकाच्या नावाच्या मतपत्रिका छापलेल्या : पांढरी म्हणजे हो, निळी म्हणजे नको. शिपाई पेटी घेऊन बाकांमधनं फिरतो. माणूस हजर नसला तर त्याच्या पत्रिका बाकावरचा दोस्त टाकतो. सगळेच असं करायचे. कधी कधी सभागृहात चाळीस डोकी आणि पेटीत पाचशे मतं. लाकामनंही आपल्या पत्रिकांची डबी वानूतकडं देऊन ठेवली होती. माणूस चांगला, हात स्वच्छ, दुपारी झोपत नाही. आणखी काय बघायचं?

त्या वर्षी नोव्हेंबरात नगरपालिकेच्या शिक्क्याचं पत्र आलं. खाली एक्केचाळीस सह्या. आमच्याकडं हंगामाची भट्टी पेटली की पहिल्या धारेचा पहिला पेला गावच्या मानाच्या माणसानं घ्यायचा असतो. तो 'उत्तम' म्हणाला की पुढचं साल बरं जातं. आदल्या वर्षी लाकाम आलाच नव्हता. मंत्र्याच्या मुलीचं लग्न निघालं. आणि एप्रिलात गोठलेलं दहिवर पडून निम्मा मोहोर करपला. आता गावाला हिशेब सरळ दिसत होता. पत्रात लिहिलं होतं : 'आपण या खेपेस न आल्यास पॅरिसनं आपल्याला गिळलं असं समजून आम्ही दुसरा माणूस बघू.'

लाकाम रात्रीच्या गाडीनं निघाला; त्या आठवड्यात सभागृहापुढं काय येणार, ते त्यानं बघितलंही नाही. निघताना वानूत म्हणाला, "जा, जा. मी आहे ना."

धोबीघाटाशी अख्खं गाव जमलेलं. झेली आई सत्तरीची, पायात लाकडी बूट, कमरेला पोत्याचं फडकं; नळीतली पहिली धार तिनं पेल्यात धरली आणि लाकामच्या हाती दिली. त्यानं एका दमात आत ओतली. डोळ्यांत पाणी, कानांत घंटा.

"कशी हाय, साहेब?"

"उत्तम!" तो असा गरजला, की नदीवरची बदकं उडाली.

मग दुसरा पेला, मग तिसरा. मग कादेनं सशाची गोष्ट पुन्हा सांगितली. दुपारी तीनच्या सुमाराला लाकाम वकील पिंपावर उभा राहून 'तुमच्या भट्टीला हात लावू देणार नाही' हे भाषण देत होता, आणि लोक टोप्या उडवत होते.

दुपारी तीनच्याच सुमाराला पॅरिसात शिपाई पेटी घेऊन बाकांमधनं फिरत होता.

राजपत्र शनिवारी आलं. पोस्टमननं ते शाळामास्तरांना दिलं. मास्तरांनी ते टपरीत उघडलं, आणि कायद्याच्या बाजूनं मत देणाऱ्यांच्या यादीत 'ल' अक्षराशी त्यांचा चष्मा नाकावरनं घसरला. घरच्या भट्टीचा हक्क संपला. इथून पुढं भट्टीशी सरकारी कारकून बसणार, थेंब थेंब मोजणार आणि कर लावणार. आणि हो म्हणणाऱ्यांत, छापील अक्षरांत : लाकाम.

सोमवारी सकाळी लाकाम कॉफीत पाव बुडवत होता. ऑनोरीननं राजपत्र त्याच्यापुढं ठेवलं.

"अहो, हे वाचा."

त्यानं वाचलं. पाव कॉफीत सुटला आणि बुडाला.

"असं कसं? मी इथं होतो!"

"ते मला माहीत आहे. तुम्हाला पायऱ्यांवरनं मीच वर आणलं."

"वानूतनं घोटाळा केला. चूक झाली असणार."

"वानूतच्या गावाला काय पिकतं हो?"

लाकाम चमच्यानं बुडालेला पाव शोधायला लागला. चार वर्षं एका बाकावर. बायकोचं नाव ठाऊक, कुत्र्याचं नाव ठाऊक, मूतखड्याचा सगळा इतिहास ठाऊक. पण पिकतं काय?

"बीट," ऑनोरीन म्हणाली. "बाबांकडं पोस्टात नकाशा असायचा. तिथं मैलोन्‌मैल बीट. बिटाची दारू कारखान्यात होते. आपला थेंब फुकटचा राहिला तर त्यांची दारू कोण घेणार? घोटाळा नाही हो केला त्यानं. त्यानं त्याचं काम केलं, तुमच्या हातानं."

लाकामनं पॅरिसला तार केली. वानूतचं उत्तर प्रेमळ आलं : 'तुम्ही काहीच सांगून गेला नाहीत. मला वाटलं, एवढा समंजस माणूस आमच्याच बाजूचा असणार.' राजपत्राच्या पुढच्या अंकात बारीक अक्षरांत दुरुस्तीही छापून आली, की श्री. लाकाम यांना 'नको' असं मत द्यायचं होतं. दुरुस्तीनं निकाल बदलत नाही, फक्त माणसाचं मन मोकळं होतं. ती वाचून झेली आई म्हणाली, "ह्या कागदानं माझ्या भट्टीपासला कारकून उठंल का? न्हाई ना? मग त्यो कागद साहेबाला दे जा. पाठ शेकायला व्हईल."

कारकून खरंच आला. किडमिडीत माणूस, खुर्ची घेऊन. सगळा हिवाळा तो नळीपाशी बसून राहिला आणि गावानं त्याला एकदाही 'या' म्हटलं नाही.

एप्रिलात निवडणूक. लाकामच्या समोर उभा राहिला थिओदूल ब्रेसाक, नगरपालिकेचा उपाध्यक्ष, समोरच्या पाटीवाला. लाकाम पन्नाशीला आला होता. पॅरिसात राहून त्याचे अशील तुटले होते, दप्तराला धूळ चढली होती. खासदारकी गेली असती तर पुन्हा अक्रोडाच्या फांदीपासून सुरुवात. आणि तीही अशा गावात, जिथं पोरंसुद्धा त्याला बघून खिशातले निळे-पांढरे कागद हलवून दाखवायची. बदली करून दिलेल्या पोरांचे बाप रस्ता ओलांडून पलीकडनं जायला लागले. कंबरपट्टेवाल्या पाटलीणबाईंनी नमस्कार सोडला.

त्यानं आधी कादेवर प्रयोग करून बघितला. "हे बघ कादे, कायदा दोनशे मतांनी पास झाला. माझं एक मत इकडचं तिकडं, त्यानं काय फरक पडला?"

कादेनं पाइप तोंडातनं काढला. "एका मतानं काय फरक न्हाई म्हनता?"

"नाही ना."

"मग माझं एक मत तुमाला कशाला पायजे?"

हे वाक्य संध्याकाळपर्यंत चौकात फिरून परत लाकामच्याच दाराशी आलं.

ऑनोरीन म्हणाली, "म्हणा ना, मी इथं होतो म्हणून. सगळ्यांनी बघितलंय."

"आणि ब्रेसाक म्हणेल, कामाच्या दिवशी इथं काय करत होतास? पगार बसायचा घेतोस की प्यायचा? हजर होतो म्हटलं तर मी गद्दार, गैरहजर होतो म्हटलं तर ऐतखाऊ. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं."

ऑनोरीन उठली. कपाटातनं पत्रांचा एक गठ्ठा काढला, त्यातनं एक पत्र ओढलं आणि त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. तिनं आयुष्यात एकही पत्र फेकलं नव्हतं.

"हे असू द्या. लागेल."

मतदानाच्या आदल्या रविवारी बाजारच्या छपराखाली दोन्ही उमेदवारांची समोरासमोर सभा झाली. बाया मागं, टोपल्यांवर. त्यांना मत नव्हतं, पण जीभ होती. आधी ब्रेसाक बोलला. एकच वाक्य पाव तास चालवून शेवटी तो मुद्द्यावर आला.

"सज्जनहो, दोनच गोष्टी शक्य आहेत. श्री. लाकाम संसदेत हजर असतील, तर ते विश्वासघातकी. आणि हजर नसतील, तर ते आपल्या पगारावर चैन करणारे. यांपैकी कोण, ते त्यांनीच सांगावं!"

टाळ्या पडल्या. कुणी तरी मागनं ओरडलं, "शाब्बास!" आणि ते अगदी लाकामच्या आवाजात. छप्पर हसलं.

लाकाम उठला. खिशात रात्रभर जागून लिहिलेलं साठ पानांचं भाषण होतं; त्यात तीन ठिकाणी रडायची सोय केलेली. त्यानं ते बाहेर काढलं, बघितलं आणि खुर्चीवर ठेवलं.

"वीस वर्षं मी कोर्टात उभा राहिलो," तो म्हणाला. आवाज नेहमीचाच, पण सावकाश. "चोर आले, लबाड आले, बांध कोरणारे आले. एकालाही मी 'गुन्हा कबूल' म्हणू दिलं नाही. आज मी म्हणतो. गुन्हा कबूल!"

ब्रेसाकनं मान पुढं काढली.

"मी माझं मत एका माणसाच्या हाती दिलं आणि त्याच्या गावाला काय पिकतं हे विचारलं नाही. तुमच्यातला कुणी बैल उसना देताना एवढं तरी विचारतो, की बाबा, नांगराला नेतोस की खाटकाकडं? मी विचारलं नाही."

"गाढवपना केलास!" झेली आई टोपलीवरनं म्हणाली.

"केला."

"निस्तं गाढवपना न्हाई, सायेबी गाढवपना!"

"कबूल, आई."

हे लोकांना कळलं. मूर्ख माणूस आमच्याकडं घरटी एक असतो. त्याला वाळीत टाकत नाहीत, फक्त बैल देत नाहीत.

"आता दुसरं," लाकाम म्हणाला. "त्या दिवशी मी कुठं होतो?"

बूट हलले.

"मी सांगते कुठं व्हता!" झेली आई उठून उभी राहिली. "माझ्या भट्टीपाशी! सकाळधरनं सांजंपतूर! पयला पेला म्या माझ्या हातानं दिला आनि चौथा ह्यो कादे देत व्हता. दुपारच्याला पिंपावर हुबा राहून भाषान केलं त्यानं. तुमी टोप्या उडवल्या. ए मास्तर, तुझी तर नदीत गेली! आता खाली बगताय व्हय समदे?"

"पण त्यांना तिथं बोलावलं कुणी?" ब्रेसाक म्हणाला. त्याच्या तोंडून निघून गेलं. वकिली सवय, समोरच्याला प्रश्न विचारायचा, एवढंच तीन पिढ्या शिकलेल्या. पण उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, आणि माहीत असलेला तर मुळीच नाही.

लाकामचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला. त्यानं पत्र काढलं. शिक्का लांबूनही दिसत होता. ते पत्र ओळखलं नाही असा माणूस पुढच्या चार रांगांत नव्हता. आणि पहिलीच सही, लांब बोटांच्या लांब अक्षरात, नगरपालिकेच्या उपाध्यक्षांची होती. ब्रेसाकच्या नाकाचा रंग थेंबात मुरलेल्या आलुबुखाऱ्यासारखा झाला.

लाकामनं पत्र वाचलं. 'पॅरिसनं आपल्याला गिळलं असं समजून' इथपर्यंत सगळं वाचलं. मग थांबला.

"नावं वाच!" झेली आई म्हणाली. "वाच नावं, एकेकाची!"

"वाचा!" मागनं ऑनोरीन म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो चढला होता.

लाकामनं पुढच्या रांगांकडं बघितलं. कुणी टोपीची कड चाचपत होतं, कुणी बुटाची नाडी बांधत होतं. शाळामास्तर छपराचे वासे मोजत होते. वीस वर्षं तो या माणसांच्या बाजूनं उभा राहिला होता, त्यांच्या सशांसाठी आणि फांद्यांसाठी. हे एक्केचाळीस चेहरे त्यानं आरोपीच्या पिंजऱ्यात बघितले होते, तिथंही ते असेच खाली बघायचे.

त्यानं पत्राची घडी घातली.

"नावं नाही वाचत, आई. मी बचावाचा वकील आहे. आता म्हातारपणी सरकारी पक्षात कुठं जाऊ?"

आणि तो खाली बसला.

आधी कादे हसला. मग हसू मागं मागं पसरत गेलं, बायांच्या टोपल्यांपर्यंत. कुणी टाळी वाजवली नाही. पण सभा सुटताना पाटलीणबाई लाकामपाशी थांबल्या, आणि मान एवढीशी हलवली.

घराच्या दाराशी आल्यावर ऑनोरीन म्हणाली, "हातातला हुकमाचा पत्ता खिशात घालणारा वकील मी पहिल्यांदा बघितला."

"चुकलं का गं?"

"रविवारी कळेल. पत्र द्या इकडं, हरवाल."

रविवारी लाकाम निवडून आला, सत्तावीस मतांनी. कादे म्हणाला, "सत्तावीसातलं एक माझं. आता म्हना, एका मतानं काय व्हतंय!"

लाकामनं पॅरिसला जाऊन पहिलं काम केलं ते वानूतकडनं आपली डबी परत घेण्याचं. वानूतला वाईट वाटलं. "दोस्ती तुटली का आपली?"

"छे! पण तुम्ही बीट, आम्ही आलुबुखारा. गप्पा मारू. मत ज्याचं त्यानं टाकू."

आणि मग एक वेगळीच पंचाईत झाली. सभागृहात रोज बसणारा खासदार हा प्रकार पॅरिसला नवा होता. शिपाई त्याच्याकडं संशयानं बघायचे. कंबरपट्टे आणायला वेळ मिळेना, बदल्या अडल्या, आणि गावाकडनं तक्रारी यायला लागल्या, की साहेब हल्ली दिसत नाहीत.

नोव्हेंबर आला. तोच कायदा फेरविचारासाठी पुन्हा संसदेपुढं आला, भट्टीचा हक्क परत द्यावा की नाही. आणि तारीख लागली नेमकी झेली आईच्या पहिल्या जाळाची. नगरपालिकेचं पत्रही आलं. या वेळी फक्त दोन ओळींचं, आणि खाली सही एकाचीही नव्हती, नुसता शिक्का.

लाकाम पॅरिसातच राहिला. बाकावर ताठ बसून, डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून. शिपाई पेटी घेऊन आला तेव्हा त्यानं पांढरी पत्रिका काढली, उलटसुलट करून आपलं नाव वाचलं, रंग उजेडात धरून बघितला आणि मग टाकली. शेजारी वानूतनं निळी टाकली. दोघांनी एकमेकांना तपकीर दिली. हक्क परत मिळाला, पासष्ट मतांनी. लाकाम 'शाब्बास!' म्हणाला, आणि ते राजपत्रात छापून आलं.

पण त्याच्या मनाला घोर होता तो पेल्याचा. पेला कुणी घेतला? की कुणीच नाही घेतला, आणि आता एप्रिलात पुन्हा दहिवर? चौथ्या दिवशी ऑनोरीनचं पत्र आलं, सोबत पेंढ्यात गुंडाळलेली एक बाटली.

'तार पोचली. कारकुनानं खुर्ची उचलली. झेली आईनं त्याला जाताना एक पेला दिला. म्हणाली, वर्षभर वास घेतोय बिचारा. तुमचा पहिला पेला कोण घेणार यावर घाटावर दोन तास भांडण चाललं. ब्रेसाक पुढं झाले, त्यांना कुणी घेऊ दिला नाही. शेवटी झेली आई म्हणाली, पॅरिसात ह्यांच्या जागी कुणीबी मत टाकतंय, मग हितं ह्यांच्या जागी बायको पिऊ शकत न्हाई व्हय? त्यामुळं पहिला पेला तुमच्या नावानं मी घेतला आणि उत्तम म्हटलं. बदकं उडाली नाहीत, पण लोक चालतंय म्हणाले. दुसरा मी माझ्या स्वतःच्या नावानं घेतला. तिसरा कुणाच्या नावानं घेतला ते आता आठवत नाही. तेवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापून घ्यावी.'